मॅकेन्रोचा सिट्टू, बिट्टनचा मटार

भोपाळला गेलेला माणूस आधी मोठा तलाव पाहतो. मी आधी बिट्टन मार्केट गाठतो. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता भोपाळला उतरता येते. धाकटी बहीण अरेरा कॉलनीत राहते, आणि तिच्या घरापासून बिट्टनचा हाट चालण्याच्या अंतरावर. थंडीत तिथे मटार, मेथी, गाजर, शिंगाडे यांचे ढीगच्या ढीग लागतात. संध्याकाळ झाली की ढिगांवर दिवे लागतात आणि भावांची आरोळी चढत जाते. आपल्याकडच्या आठवडी बाजाराची आठवण येते, फक्त भाषा बदललेली.

भावोजी धारवाडचे. त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड, दाराबाहेर हिंदी. तेरा वर्षांचा भाचा तिन्ही भाषांत भांडतो. हे गमतीत लिहिले खरे, पण गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा घरात गंमत नव्हती. पोरगा टेनिस छान खेळतो. एका सामन्यात रेषेवर पडलेल्या चेंडूवरून वाद झाला आणि त्याने रॅकेट आपटून मोडली. भावोजींनी उरलेली रॅकेट कपाटावर टाकली. बापलेकांचे बोलणे बंद. "मूगिन म्याल सिट्टू," भावोजी म्हणाले. राग नाकावर असतो, याबाबत आपल्या दोन्ही भाषांचे एकमत आहे!

रात्री भाच्याने मला एक माहितीपट लावून दिला. फ्रेंच दिग्दर्शक ज्युलियाँ फारो यांचा, 2018 सालचा, जॉन मॅकेन्रोवरचा. फ्रेंच स्पर्धेत पूर्वी चित्रित केलेल्या जुन्या फिल्मवरून तो बनवला आहे. गंमत अशी की कॅमेरा बहुतेक वेळ एकट्या मॅकेन्रोवरच असतो. त्याची सर्व्हिस, त्याची जाळ्याकडची धाव, पंचांशी हुज्जत, चेंडूचा मातीतला ठसा दाखवणे. समोरचा खेळाडू क्वचितच दिसतो.

1984 हे मॅकेन्रोचे सोन्याचे वर्ष. त्या वर्षी तो 82 सामने जिंकला आणि फक्त 3 हरला. त्या तिनांतला एक पॅरिसचा अंतिम सामना. इव्हान लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट त्याने 6-3, 6-2 असे घेतले होते. तिसऱ्या सेटमध्ये कडेच्या एका कॅमेरावाल्याच्या हेडफोनमधून आवाज येत होता, त्यावर तो उखडला. मग सामना हळूहळू निसटला आणि लेंडल 6-4, 7-5, 7-5 असा जिंकला. केवळ रागामुळे हरला म्हणणे लेंडलवर अन्याय होईल. पण पुढे काही आठवड्यांत विम्बल्डन जिंकणाऱ्या या माणसाला फ्रेंच एकेरीचे विजेतेपद कधीच मिळाले नाही, आणि तो पराभव त्याच्या मनातून गेला नाही.

"बघ मामा, रागीट असूनच तो मोठा झाला," भाचा म्हणाला.

मी त्याला बोर्गची गोष्ट सांगितली. मॅकेन्रोने आत्मचरित्रात ती लिहिली आहे. 1979 साली न्यू ऑर्लिन्सला दोघांचा सामना रंगला होता आणि मॅकेन्रोचे डोके फिरले होते. बोर्गने त्याला जाळ्यापाशी बोलावले. याला वाटले, आता बोलणी खावी लागणार. बोर्गने खांद्यावर हात ठेवून एवढेच सांगितले की शांत हो, सामना छान चालला आहे. बोर्गसमोर मॅकेन्रो पुढेही जपून वागला. दोघे 14 वेळा भिडले, 7-7 अशी बरोबरी राहिली. बर्फासारखा म्हणून ओळखला जाणारा बोर्गही लहानपणी असाच तापट होता, हे त्याने स्वतःच सांगितले आहे.

भाचा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे हाटात मटार घ्यायला गेलो. भाजीवाल्या बाईंनी किलोभर तोलला. भाच्याने लगेच आवाज चढवला, काटा झुकलाच नाही म्हणून. बाई रागावल्या नाहीत. तराजू त्याच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "लो भैया, खुद तौल लो."

भाच्याने तोलला. पारडे मटारच्याच बाजूने जरा खाली गेले. तो कानापर्यंत लाल झाला. दोन शेंगा काढून त्याने बाईंच्या ढिगावर परत ठेवल्या. बाईंनी त्या उचलून पुन्हा त्याच्या पिशवीत टाकल्या. तेव्हा कुठे त्याने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले आणि हसला. मला रात्रीचा कॅमेरा आठवला. राग आला की आपण एकटेच चित्रात उरतो, समोरचा माणूस बाहेर राहतो.

घरी आल्यावर मी भावोजींना न्यू ऑर्लिन्सची गोष्ट सांगितली, मटाराची नाही. जेवणानंतर ते उठले, स्टूल घेतले आणि कपाटावरची रॅकेट काढून पोराच्या हातात दिली. खांद्यावर हात ठेवून एकच शब्द म्हणाले, "समाधान."

कन्नडमध्ये समाधान म्हणजे शांत राहा, धीर धर. मराठीत समाधान म्हणजे काय, ते त्या वेळी माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर दिसत होते.