डब्यातले चोवीस तास

चोवीस तासांची लघवी गोळा करणे ही कागदावर अत्यंत सोपी चाचणी आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यापुढची प्रत्येक लघवी डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटचीही डब्यातच. मोठी माणसेदेखील यात चुकतात. मूल तर शाळेत जाते, खेळता खेळता आडोशाला जाते, शौचाला बसले की दोन्ही एकदम उरकते, रात्री अंथरूण ओले करते. तान्ह्या बाळाला चिकटवलेली पिशवी तर कुठून ना कुठून गळतेच. प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो तो फक्त डबा, आणि त्यावर चिकटवलेला ‘२४ तास’ हा दावा.

हा दावा खोटा असेल तर काय बिघडते? आठ वर्षांचा, वीस किलो वजनाचा, मुतखडा झालेला एखादा मुलगा घ्यावा. डब्यात कॅल्शियम निघाले ५५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे पावणेतीन. मर्यादा चारची. अहवालावर ‘सर्वसाधारण’ असा शेरा पडतो आणि खड्याचे कारण दुसरीकडे शोधले जाऊ लागते.

त्याच अहवालात खाली आणखी एक आकडा असतो, क्रिएटिनीनचा. तो आहे २१० मिलिग्रॅम. स्नायूंमध्ये साठलेल्या क्रिएटिनपैकी दोन टक्क्यांच्या आसपास भाग रोज आपोआप क्रिएटिनीनमध्ये बदलतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. आहार बदलला तरी हे प्रमाण फारसे हलत नाही, हे ओटो फोलिन यांनी १९०५ मध्येच दाखवले होते. मुलांसाठी प्रचलित असलेले ढोबळ सूत्र गझाली आणि बॅरट यांच्या १९७४ मधील कामापर्यंत मागे जाते: किलोमागे १५ मिलिग्रॅम, अधिक वयाचा निम्मा आकडा. आठ वर्षांसाठी ते १९, वीस किलोंसाठी ३८०. डब्यात सापडले २१०, म्हणजे अपेक्षेच्या जेमतेम ५५ टक्के. जवळपास अर्धा दिवस डब्याबाहेर राहिला असेल, तर कॅल्शियमचा खरा आकडा शंभरच्या घरात जातो. किलोमागे पाच. मुलगा ‘सर्वसाधारण’ उरत नाही.

इथे थांबता आले असते, तर विषय सोपा होता. पण आठव्या वर्षी वीस किलो हे वजनच मुळात किरकोळ आहे. क्रिएटिनीन स्नायूंतून येते. ज्या मुलाच्या अंगावर स्नायूच कमी, त्याचा डबा काठोकाठ प्रामाणिक असला तरी आकडा कमीच येणार. सांडलेली लघवी आणि झडलेले शरीर या दोन्ही गोष्टी अहवालात एकसारख्याच दिसतात. भारतात ही शंका पुस्तकी नाही. पाश्चात्त्य मुलांवर बेतलेले सूत्र कुपोषित मुलाला लावले, तर आईवर हलगर्जीपणाचा ठपका येतो आणि मुलाला नको असलेले औषध. कॅल्शियम आणि क्रिएटिनीन यांच्या गुणोत्तराचा आधार घ्यावा, तर तिथेही तीच गाठ. ५५ भागिले २१० म्हणजे ०.२६, या वयासाठी जास्त. पण भाजक लहान असल्यामुळेही गुणोत्तर फुगते.

या गाठीवर एक देखणी तोड आहे. बिंगहॅम आणि कमिंग्ज यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रौढांना पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लाच्या ८० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या दिवसभरात दिल्या जातात. हे द्रव्य जवळजवळ सारे मूत्रात उतरते. ८५ टक्क्यांहून अधिक परत मिळाले तर डबा पूर्ण समजायचा. स्नायूंचा इथे संबंधच नाही. मुलांसाठी मात्रा कमी करतात. मात्र एखादी गोळी चुकली तर पूर्ण डबाही अपुरा ठरतो, आणि तापासाठी दिलेले पॅरासिटामॉल रंगमापनाच्या जुन्या पद्धतीत घोटाळा करते.

रुग्णालयाच्या रोजच्या कामात उपाय अधिक साधा असतो: पुन्हा गोळा करणे. दोन्ही दिवसांचे क्रिएटिनीन जुळले तर भरवसा वाढतो. दोन्ही दिवस शाळेचेच असतील, तर मात्र तीच चूक दोनदा जुळते.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. “सगळी धरली ना?” या प्रश्नाला “हो सिस्टर, सगळी धरली” हेच उत्तर येणार, दुसरे उत्तर देणे कोणत्या आईला परवडेल? “ताई, काल शाळेत कितीदा गेला होता?” असे विचारले की ती थबकते, मुलाकडे पाहते. मूल खाली पाहते. कधी कळते की शाळेत तो जातच नाही, तिथले स्वच्छतागृह नकोसे असते म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवतो. मुतखड्याच्या मुलासाठी ही माहिती कॅल्शियमच्या आकड्याइतकीच मोलाची, कारण असे मूल पाणीही बेतानेच पिते.

त्यामुळे दुसरा डबा शनिवारी हाती दिला जातो. रविवारी सकाळची पहिली लघवी संडासात, घड्याळ पाहून वेळ लेबलवर. सात वाजून दहा मिनिटे असतील तर सात नव्हे, सात-दहाच. शौचाआधी लघवी. डब्यात तळाशी आम्ल घातलेले असते, म्हणून मुलाने थेट त्यात करायची नाही. मग्यात करून आईने ओतायची. आणि मधली एखादी गेलीच, तर लपवायची नाही, किती वाजता गेली ते लिहायचे.