जहाज मुंबईचं, तिकीट वर्ध्याचं

आईला आणि मावशीला मुंबई–गोवा क्रूझला न्यायचं ठरलं, तेव्हा घरात वाद झाला तो तिकीट कुठून काढायचं यावरून. पुण्याचा धाकटा भाऊ आणि वहिनीही येणार होते. त्याचं म्हणणं, कंपनीच्या वेबसाइटवरून सरळ काढू, मधे कोणी कशाला? मी म्हटलं, तुम्हा दोघांचं तू तिथून काढ, आम्हा तिघींचं मी वर्ध्यातून काढते. एकाच जहाजाची, एकाच तारखेची बुकिंगं अशी दोन वाटांनी झाली, म्हणून मला दोन्हींतला फरक जवळून बघता आला.

आमच्या एजंटाचं दुकान बजाज चौकापासून थोडं आत आहे. रेल्वेची तिकिटं, चारधाम, उमराह, काशी-अयोध्या हा त्याचा रोजचा धंदा. क्रूझ त्याने क्वचितच विकलेली, आणि ते त्याने लपवलंही नाही. जहाजकंपनीशी त्याचा थेट व्यवहार नव्हता; नागपूरच्या एका मोठ्या एजंटामार्फत तो बुक करणार होता. म्हणजे जहाज आणि मी यांच्यामधे एक नाही, दोन माणसं. भावाला हे सांगितलं तर तो फोनवर काही क्षण बोललाच नाही.

आधी पैशाचं सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, आणि एका खोलीत दोघं धरून असतो. त्यावर बंदराचे आकार, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. एजंटाचं कमिशन साधारणपणे कंपनी खोलीच्या भाड्यातून देते. बंदराच्या आकारावर आणि करावर ते मिळत नाही. त्यामुळे सगळं धरून बेरीज केली तेव्हा माणशी फरक शेकड्यांत निघाला, हजारांत नाही. एजंट महाग पडतो हा समज निदान आमच्या बाबतीत खरा ठरला नाही.

फरक पडला तो खोलीत. भावाने वेबसाइटवर जहाजाचा मजलेवार नकाशा उघडला आणि खोलीचा नंबर स्वतः निवडला. एजंटाकडे आलेला दर नुसत्या वर्गाचा होता: समुद्राकडे खिडकी असलेली खोली, नंबर कंपनी मागाहून देईल. तरण्या जोडप्याला हे चालून जातं. आईचे गुडघे बघता मला लिफ्टजवळची, जहाजाच्या मध्यावरची खोली पाहिजे होती. मध्यावर हेलकावे कमी जाणवतात. नंबर मिळाल्याशिवाय पैसे भरणार नाही म्हटल्यावर त्याने नागपूरला दोन-तीनदा फोन केले आणि थोडे जास्त पैसे भरून नंबर मिळाला. मी अडून बसले नसते तर हा प्रश्न त्याने आपणहून काढला नसता, असं मला वाटतं.

पण एक काम त्याने असं केलं, जे कुठल्याही वेबसाइटने केलं नसतं. बुकिंगच्या दिवशी त्याने तिघींची आधार कार्डं मागितली, काउंटरवर ओळीने मांडली आणि इंग्रजीतलं एकेक अक्षर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. आईचं नाव घरात, बँकेत, बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर ‘कुसुम’. आधारवर ‘कुसुमबाई’. मावशीच्या कार्डावर सासरचं आडनाव एका अक्षराने वेगळं. आपल्याकडे त्या पिढीतल्या बायकांची नावं लग्नानंतर बदलली, मग प्रत्येक कचेरीतल्या कारकुनाने आपल्या मनाने लिहिली. “ताई, कार्डावर आहे तेच टाकू. घरचं नाव घरी,” तो म्हणाला. गेटवर ओळखपत्र आणि बोर्डिंग पास अक्षरागणिक जुळवून बघतात, हे आम्हाला तिथे गेल्यावर दिसलंच.

मग गाडी. समुद्र आमच्यापासून साडेसातशे किलोमीटरहून लांब. जहाजाच्या वेबसाइटवर कुठेही तुम्ही कुठून येताय हे विचारलेलं नसतं. डिसेंबरचं जहाज आम्ही जुलैत ठरवलं होतं. पण रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी फक्त ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे जहाजाचे पैसे भरून झालेले आणि तिथवर पोचायची सोय अजून हातात नाही, अशी स्थिती कित्येक आठवडे असते. तत्काळच्या भरवशावर राहू नका, असं त्याने आधीच बजावलं होतं, कारण जुलै २०२५ पासून तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना तिकीट काढताच येत नाही. ज्या दिवशी आरक्षण उघडलं त्या सकाळी त्याचाच फोन आला.

विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला उतरवते आणि जहाज जिथून सुटतं तो बॅलार्ड पिअर तिथून अगदी जवळ. मला वाटलं, सकाळी उतरू, दुपारी चढू. “गाडी पाच-सहा तास उशिरा आली त जहाज थोडी थांबते? एक दिवस आधी निघा,” असं म्हणून एजंटाने एक दिवस आधीचीच तिकिटं काढली. दादरला चुलत नणंदेकडे मुक्काम केला. जहाज सुटायच्या बऱ्याच आधी गेट बंद होतं, आणि चुकलेल्या माणसाचे पैसे परत मिळत नाहीत. पुण्याहून टॅक्सीने येणाऱ्या भावाला या काळजीची गरजच नव्हती. मुंबई-पुण्याच्या माणसाने सरळ बुक करणं आणि वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या माणसाने सरळ बुक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्रूझबद्दल सल्ला देणारे बहुतेक सगळे पहिल्या गटातले असतात.

आता दुसरी बाजू. निघायच्या थोडं आधी आईचा गुडघा जास्तच दुखायला लागला आणि चढताना व्हीलचेअर लागेल असं दिसलं. तो रविवार होता, दुकान बंद. भावाने पुण्याहून कंपनीला फोन लावला, आपलं बुकिंग सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं. आईच्या बुकिंगचा नंबर सांगितल्यावर उत्तर आलं की हे बुकिंग एजंटाचं आहे, बदल त्यांच्याकडूनच यायला हवा. जगभरच्या क्रूझ कंपन्यांचा हाच रिवाज आहे: बुकिंग ज्याने केलं, बोलणं त्याच्याशी. पैसे माझे, प्रवासी माझी आई, आणि तरी त्या कागदावर मला बोलायचा अधिकार नाही, हे मला फार लागलं. सोमवारी दुकान उघडलं, नागपूर, मग मुंबई, असं करत संध्याकाळी व्हीलचेअरची नोंद झाली. भाऊ म्हणाला, माझ्याकडून हे दहा मिनिटांत झालं असतं. ते खरंच होतं.

पैशाची जोखीम हाही साधा मुद्दा नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची थॉमस कुक ही प्रवासकंपनी कोसळली तेव्हा दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले आणि सरकारला त्यांना परत आणावं लागलं. मधल्या माणसाने पैसे पुढे भरलेच नाहीत तर काय, हे विचारायला लाजू नये. मी कंपनीची पावती आणि बुकिंग नंबर हातात आल्यावरच उरलेली रक्कम दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे मुंबईच्या कंपनीविरुद्धसुद्धा वर्ध्याच्याच ग्राहक आयोगात. त्यामुळे ‘उद्या भांडायला गावातला माणूस बरा’ हे कारण आता तेवढं वजनदार राहिलेलं नाही.

जहाजावर दोन बुकिंगांत काही फरक उरला नाही. तेच जेवण, तोच डेक. आमचा जिल्हा दारूबंदीचा, तिघींनाही नको होतं, म्हणून पेयांचं पॅकेज एजंटाने न विचारता वगळलं होतं. मावशीचं बालपण गिरगावात गेलेलं. तिने ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींच्या आठवणी काढल्या. भाऊच्या धक्क्यावर रांग लावायची, खिडकीवर तिकीट घ्यायचं, वळकटी डेकवर पसरायची. त्या बोटी बंद पडल्यावर मुंबई–गोवा वाट बरीच वर्षं सुनी होती. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ आली, २०२१ मध्ये ‘एम्प्रेस’. मावशी दोन्ही हात कठड्यावर ठेवून रत्नागिरी कुठल्या बाजूला असेल ते शोधत होती. आई तिच्या शेजारी खुर्चीत, शाल लपेटून, बोलणं ऐकत. नेटवर्क तर किनारा मागे पडल्यावर गेलंच होतं. तिथे एजंटही नव्हता आणि हेल्पलाइनही.

परत आल्यावर गोरसपाकाचा डबा घेऊन दुकानात गेले. लक्षद्वीपचं मनात आहे, विचारलं. तिथे प्रवेशाचा परवाना लागतो, आणि कोचीहून सरकारी जहाजांवर ‘समुद्रम’ नावाची सहल चालते, एवढं मी वाचलं होतं. त्याने डबा बाजूला ठेवला आणि मान हलवली. “त्यातलं मले काही समजत नाही ताई. परवान्याची कामं मी कधी केली नाहीत. तुम्ही सरळ कोचीलाच विचारा, गाडीचं मी पाहतो.”

त्याप्रमाणे कोचीला पत्र पाठवलं आहे.