भाच्याची सेमी ऑटोमॅटिक आणि आमचं भाताचं खाचर



आज खताचं, फवारणीचं काही नाही. आज बंदुकीचं लिहितो. पण वाचा, शेवटी विषय पिकाचाच आहे.

गणपतीला चाकणवरून भाचा आला होता. सकाळी त्याला खाचरावर घेऊन गेलो. इंद्रायणी पोटरीत आलेली. रात्री डुकरांनी खालच्या दोन खाचरांत लोळून नुसता चिखल करून ठेवला होता. बांध उकरलेला, पाणी निघून गेलेलं. पोरगं काही बोललं नाही. संध्याकाळी जेवायच्या आधी मोबाईल माझ्यापुढं धरला.

"मामा, हे बघा. सेमी ऑटोमॅटिक शॉटगन. तुर्कस्तानची आहे, इटलीच्या मानानं स्वस्त बसते. डुकरं पण जातील आणि रविवारी क्ले शूटिंगला पण चालंल. मी निम्मे पैसे घालतो."

व्हिडिओत कुठलातरी परदेशी शेतकरी हवेत उडालेल्या मातीच्या तबकड्या फोडत होता. धाड, धाड, धाड. खरं सांगतो, मला पण मोह झाला. रात्र रात्र माळ्यावर बसून डबा वाजवणाऱ्यालाच तो कळंल. म्हणलं, चौकशी तरी करू.

आधी गेलो आमच्या गावातल्या निवृत्त सुभेदार दादांकडं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. बारा बोअर म्हणजे काय, तर नळीच्या आतल्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतो. नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. सेमी ऑटोमॅटिकमध्ये घोडा एकदा दाबला की एक बार निघतो, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि दुसरं आत चढतं. यात मुख्य दोन प्रकार. एक बाराच्या गॅसवर चालतो, तो खांद्याला धक्का कमी देतो, पण काजळी धरतो, सारखा साफ करावा लागतो. दुसरा धक्क्याच्या जोरावर, स्प्रिंगवर चालतो. तो साफ राहतो, पण खांद्याला जास्त लागतो, आणि हलकं काडतूस घातलं तर कधी कधी पुढचं चढतच नाही. स्वस्तातली घ्यायची तर आपण वापरणार ते काडतूस तिच्यात नीट चालतं का, सुटे भाग मिळतात का आणि दुरुस्ती कोण करणार, एवढं आधी बघायचं.

"आणि दादा, क्ले शूटिंगचं?"

"अरे, ट्रॅप आणि स्कीटवाले बहुतेक जण एकावर एक नळी असलेली दुनळी वापरतात. ती मोडून हातात धरली की लांबून पण दिसतं, बंदूक रिकामी आहे. तबकडी ११० मिलिमीटरची, काडतुसात छर्रा जास्तीत जास्त २४ ग्रॅम. राज्यवर्धन राठोडांनी २००४ ला अथेन्सला रौप्य मिळवलं ते याच खेळात, डबल ट्रॅपमध्ये. तो खेळ रेंजवर शिकायचा असतो, बांधावर नाही."

मग पुण्यात एका परवानाधारक दुकानात गेलो. दुकानदारानं पहिल्याच वाक्यात विषय संपवला. "काका, सेमी ऑटोमॅटिक साध्या परवान्यावर मिळत नाही." शस्त्र नियमांत ती पहिल्या, म्हणजे निर्बंध असलेल्या वर्गात येते. नामांकित नेमबाजांना काही सवलती आहेत, पण आपण त्यात कुठं बसतो? आपल्यासारख्याला मिळू शकते ती एकनळी, दुनळी, नाहीतर हातानं मागंपुढं करायची पंप ॲक्शन. नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. काडतुसं मात्र लांबून आणायला नकोत, आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची बनतात.

कायदा मी मुद्दाम वाचून घेतला, कारण गावात याबद्दल बऱ्याच ऐकीव गोष्टी चालतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे. पण ती मुळात ठासणीच्या बंदुकीसाठी. ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी साधी नळीची बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडं जास्तीत जास्त दोन शस्त्रं. अर्ज ऑनलाईन, पोलीस चौकशी, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगू शकतात, मग भात ओंबीत असो नाहीतर खळ्यावर.

आता आपल्या भागातल्या लोकांनी पुढचं नीट वाचा. भीमाशंकर अभयारण्य १९८५ ला झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३४ असं सांगतं, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं आपल्या शस्त्राची वनखात्याकडं नोंद करायची. आणि या दहा किलोमीटरमध्ये नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. तळेघर, राजपूर, आहुपे या पट्ट्यातले आपण सगळे त्यातच येतो.

आणि समजा बंदूक मिळाली, तरी परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नाही. बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारायची वनखात्याची लेखी परवानगी वेगळी. शिकार म्हणाल तर १९९१ च्या दुरुस्तीपासून बंदच आहे. बिबट्याचं तर नावच काढू नका.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. पोरगं नाराज झालं. "म्हणजे मामा, आपण नुसतं बघत बसायचं?"

तेव्हा त्याला एक गोष्ट सांगितली. आजवर घरात फक्त बायकोला माहीत होती.

मी दहावी झालो त्या वर्षीची गोष्ट. वडिलांकडं पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक होती. वडील तापानं पडले होते, म्हणून मी माळ्यावर गेलो आणि न विचारता बंदूक पण नेली. चूकच होती. मध्यरात्री नाचणीत खसखस झाली. अंधार, भुरभुर पाऊस. काळं काहीतरी वाकून पुढं येत होतं. मी नेम धरला आणि घोडा ओढला. नुसतं 'टक' झालं. दारू दमटली होती. दुसरी टोपी बसवायला खिशात हात घातला, बोटं थरथरत होती. तेवढ्यात खोकला ऐकू आला.

आमचे धाकटे चुलते होते. कालवड सुटली म्हणून इरलं पांघरून शोधत आले होते. मला हाक मारून म्हणाले, "जागा आहेस का रे बाळा?"

मी हो म्हणालो. दुसरं काही बोलता आलं नाही. ते पुढं बरीच वर्षं जगले, त्यांना कधी कळलं नाही. दरवर्षी दसऱ्याला सोनं द्यायला गेलो की माझी मान खाली असायची.

भाच्याला म्हणलं, त्या रात्री माझ्या हातात तुझी ती बंदूक असती, तर टोपी बदलायचा वेळ मिळाला नसता. हे काही बंदुकीचं वाईट नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातात पटापट चालणारी वस्तू देऊ नये, एवढंच. आणि रात्रीच्या अंधारात खाचरावर आपण सगळे घाबरलेलेच असतो.

तर शेवटी काय केलं ते सांगतो. भाच्यानं जे निम्मे पैसे बंदुकीत घालायचे म्हणला होता, ते सौर कुंपणात घातले. तारा आपल्याच, यंत्र झटका देतं पण जनावर मरत नाही. तारेखालचं गवत दर आठवड्याला काढावं लागतं, नाहीतर ओलं गवत तारेला टेकून झटका जमिनीत जातो. शेजारच्या चौघांना बरोबर घेतलं, कारण एकट्यानं कुंपण केलं तर डुकरं शेजाऱ्याकडं जातात आणि भांडण आपल्याकडं येतं. अनुदानाच्या योजना असतात, वनरक्षकाला विचारा.

लाईटची तार मात्र कुंपणाला जोडू नका, गावठी बॉम्ब ठेवू नका. त्यात माणसं गेली आहेत, बैलांचे जबडे गेले आहेत.

नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, तीन दिवसांच्या आत वनखात्याकडं अर्ज द्या. सातबारा, बँकेचं पासबुक तयार ठेवा. पैसे कमी मिळतात, उशिरा मिळतात, मान्य. पण अर्जच नसेल तर आपल्याकडं डुकरं आहेत हे सरकारला कागदावर दिसणार कसं?

कुंपणाला सव्वा महिना झाला. दोनदा डुकरं आली, एकदा वरच्या ओढ्याच्या फटीतून आत घुसली. ती फट काल बंद केली. बाकीचं भात उभं आहे.

भाचा दिवाळीला येतोय. सुभेदार दादा त्याला रेंजवर घेऊन जाणार आहेत, तबकड्या फोडायला. तिथं खुशाल फोडू दे.