अटलांटिकचा हिशोब

मी कव्वालीच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवतो. चोरबाजारात एकदा त्या चाळताना लाल-काळ्या लेबलची छोटी तबकडी हाती लागली. कंपनी अटलांटिक, गायक रे चार्ल्स. ‘‘ले जाओ सर, दो सौ,’’ दुकानदार म्हणाला. घेतली.

कंपनीचा इतिहास वाचायला घेतला, तर पहिलंच नाव अहमद एर्तेगून. तुर्कस्तानच्या अमेरिकेतल्या राजदूताचा मुलगा! वॉशिंग्टनमध्ये अहमद आणि थोरला भाऊ नेसुही काळ्या लोकांच्या वस्तीत दारोदार फिरून जुन्या रेकॉर्ड्स विकत घेत. हजारोंनी जमवल्या. काळे-गोरे एका टेबलावर बसत नसत, त्या शहरात हे दोघे काळ्या वादकांना दूतावासात जेवायला बोलवत. १९४७ मध्ये घरच्या दंतवैद्याकडून १०,००० डॉलर घेऊन अहमदने हर्ब अब्रामसनबरोबर अटलांटिक काढली. (वाचून मला अभिमान वाटला, का लपवू?) काळ्यांच्या गाण्यांना तेव्हा ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव रूढ करणारा पत्रकार जेरी वेक्सलर १९५३ मध्ये इथेच भागीदार झाला.

कंपनी उभी राहिली रूथ ब्राउनच्या गळ्यावर. १९४९ पासून तिची गाणी गाजू लागली. लोक अटलांटिकला ‘रूथने बांधलेलं घर’ म्हणत. १९६१ मध्ये ती बाहेर पडली. मग दोन मुलं वाढवायला तिने लोकांच्या घरची कामं केली, शाळेची बस चालवली. रॉयल्टी येत नव्हती. रेकॉर्डिंगचा खर्च तिच्याच नावे मांडलेला, आणि कंपनीच्या वहीत तो काही फिटत नव्हता. १९६७ मध्ये अटलांटिक विकली गेली, १ कोटी ७५ लाख डॉलरला.

इथे मी वाचन थांबवलं. बी.एड. झाल्यावर विनाअनुदानित शाळेत मी सहा वर्षं बिनपगारी शिकवलंय. ‘‘शाळा तुमच्यामुळेच उभी आहे, सर,’’ असं संस्थाचालक दर पंधरा ऑगस्टला म्हणायचे.

रूथचा हिशोब उघडला तो एका संग्राहकानेच. हॉवेल बेगल हा वकील तिच्या रेकॉर्ड्सवर सही घ्यायला गेला. त्यातलं तिला काही मिळत नाही हे कळलं, तेव्हा त्याने तिची बाजू हाती घेतली. १९८८ मध्ये कंपनीने तिची आणि इतर जुन्या कलाकारांची उधारी माफ केली, मागची रॉयल्टी दिली, रिदम अँड ब्लूज फाउंडेशनसाठी पैसे दिले.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये रूथ गेली, डिसेंबरमध्ये अहमद. त्याची कबर इस्तंबूलला, एका सूफी खानकाहच्या कब्रस्तानात, वडिलांजवळ आहे.

हल्ली कव्वालीची रेकॉर्ड घेताना मी टाळ्या देणाऱ्यांची, ढोलकवाल्याची नावं शोधतो. लेबलवर ‘अँड पार्टी’ एवढंच छापलेलं असतं.