चाल कोणाची

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा तिसरा भाग अमेरिकेत निघाला १९९९ साली. कळमेश्वरला यायला त्याला पाच-सहा वर्षं लागली. नागपूर आमच्यापासून काटोल रोडनं वीसेक किलोमीटर, पण सीताबर्डीच्या फुटपाथवर मांडलेल्या सीड्यांच्या ढिगातून नेमकी तीच उचलायला कुणीतरी ट्यूशनच्या निमित्तानं तिकडे जायला हवं होतं. तसा आमच्यातला एक जाऊ लागला. पांढऱ्या पाकिटातली सीडी, वर मार्करनं नुसतं ‘हीरो ३’ लिहिलेलं. खेळ करणाऱ्यांना त्यातला एक पैसाही गेला नसणार.

पहिले दोन भाग आम्ही पाहिले नव्हते. त्यामुळे गोष्टीत शिरलो ते थेट मधूनच. कॅथरिन राणी जहाजातून माहेरी परतते तर राज्य पेटलेलं, बाप मेलेला. आणि पुढे कळतं की मढी उठवणाऱ्या मांत्रिकांनी त्या बापालाच उठवून आपल्या बाजूला घेतलं आहे. कोण कोणाचा कोण, सासरचा कोण आणि माहेरचा कोण, काही पत्ता नाही. तरी आम्ही पहिल्याच दुपारी बाजू घेऊन मोकळे झालो. मला वाटतं, पुढचे भाग असेच सुरू करावेत. मागचं सगळं माहीत असलेला माणूस तक्रारी फार करतो.

खेळ चालींचा होता. नकाशावर आपला सरदार फिरवायचा, खाणी घ्यायच्या, किल्ला बांधायचा आणि दिवस संपवायचा. मग दुसऱ्याचा दिवस. आठवड्याच्या पहिल्या दिवशी किल्ल्यात नवे सैनिक तयार व्हायचे, म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी सगळेच हात राखून असत. लढाई लागली की पडद्यावर षट्कोनी घरांचं मैदान यायचं, आडवी पंधरा, उभी अकरा. सैन्याच्या तुकड्या सातच. त्या सातांत कोणाला पुढे धाडायचं आणि धनुर्धाऱ्यांपुढे कोणाला मरायला उभं करायचं, यात संध्याकाळ जायची. ग्रिफिन नावाचा पंखवाला सिंह आमचा लाडका, कारण बाकीचे एकदा मार खाल्ला की एकदाच उलटून मारायचे; हा मात्र निदान दोनदा, आणि थोरला झाला की कितीही वेळा. मांत्रिकांची बाजू घेणारा एक जण होता. तो प्रत्येक लढाईनंतर मेलेल्यांची हाडकं उठवून फौज वाढवायचा. महिनाभरानं, म्हणजे खेळातल्या महिनाभरानं, त्याच्याकडे इतकी हाडकं जमायची की त्याच्याशी बोलणंच सोडून द्यावंसं वाटे.

एका कॉम्प्युटरवर आठ जणांपर्यंत खेळता यायचं. गल्लीत कॉम्प्युटर एकच होता, आमच्याकडे. बाबांनी हप्त्यानं घेतलेला. एकाची चाल संपली की पडदा काळा व्हायचा आणि पुढच्याचा रंग सांगायचा. ही सोय अशासाठी की मधल्या वेळात बाकीच्यांनी तोंड फिरवावं. ज्याच्या-त्याच्या नकाशावर त्यानं पाहिलेला मुलूख उजळलेला, बाकी अंधार. दुसऱ्यानं तो बघितला की खेळ मेला. तोंड फिरवण्यावर कोणाचा कोणावर विश्वास नव्हता. म्हणून नियम ठरला: ज्याची चाल तो आत, बाकीचे बाहेर ओट्यावर.

त्या ओट्यावरच आमची सगळी दोस्ती झाली. घर रेल्वेलाइनजवळ, इटारसीकडे जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायचे, त्यावर पैजा लावायच्या. सीझन असला की संत्री सोलायची आणि बिया समोरच्यावर मारायच्या. आई मधूनच कुणाला तरी दळण आणायला पिटाळायची, आणि तो चक्कीवरून येईपर्यंत आत बसलेल्याचा दिवस संपलेला नसे. युत्याही तिथेच व्हायच्या. “मी तुह्या खाणीले हात नाही लावत, तू त्या हाडकंवाल्याले पाय.” आतून आवाज यायचा, “काय ठरवून राहिले बे?” आत बसलेला खेळत असे नुसता. डाव शिजायचा बाहेर.

आणि लोडशेडिंग. कोराडी-खापरखेड्याची धुराडी आमच्याच जिल्ह्यातली, तरी त्या वर्षांत विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना दिवसाचे कितीतरी तास विजेवाचून काढावे लागत. गोळ्या झाडायच्या खेळात वीज गेली की सगळं गेलं. आमचा खेळ दर दिवशी आपण होऊन जपून ठेवला जायचा, त्यामुळे गेली तर एखादी चाल जायची. तीही कोणाची गेली यावर भांडण व्हायचं आणि वीज येईपर्यंत ते पुरायचं. पंधरा मिनिटांत संपणारे खेळ आमच्या गावात टिकलेच नाहीत. आषाढात धापेवाड्याच्या यात्रेला घरोघरची माणसं जायची, तेव्हा डाव दोन-दोन दिवस तसाच थांबलेला असे आणि परतल्यावर ज्याची चाल राहिली होती तो मुकाट आत जायचा. विसरायचं कोणी नाही.

घरातल्या मोठ्यांमध्ये हा प्रकार कळला तो फक्त आजीला. पडद्यावरचे राक्षस-बिक्षस तिला दिसतच नव्हते, नजर अधू झालेली. पण एक आत आणि बाकीचे ओट्यावर कुजबुजताहेत, एवढ्यावरून तिनं ओळखलं. “सारीपाटच हाय तुमचा,” म्हणाली. तिच्या माहेरी कापडी पट होता. कवड्या टाकणारा एक, आणि काय पडावं यावर ओरडणारे दहा. कोणती सोंगटी मारली हे तिला आठवत नव्हतं. कोण रुसून उठलं होतं ते मात्र नावानिशी सांगायची.

पुढे कॉलेजच्या सहलीत वेरूळ पाहिलं. एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसलेले कोरले आहेत. बरोबरचे सगळे वरची दोघं बघत होते. मी खाली बघत राहिलो. तिथे शंकराचे गण नंदीला छळताहेत. ज्यांची चाल नाही त्यांनी वेळ कसा काढायचा, हा प्रश्न त्या कारागिराला पडला होता, आणि उत्तर त्यानं एखाद्या गावातल्या ओट्यावरच बघितलेलं असणार.

आम्ही ओट्यावर होतो त्याच्या आधीच हा खेळ करणारी कंपनी संपली होती, हे मला फार उशिरा कळलं. जॉन व्हॅन केनगेम या माणसानं १९९० मध्ये ‘किंग्ज बाउंटी’ केला, त्यातून ‘हीरोज’ची मालिका निघाली. २००३ मध्ये त्याच्या कंपनीच्या वरची थ्रीडीओ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सगळ्या मालिकेचे हक्क फ्रान्सच्या युबीसॉफ्टनं १३ लाख डॉलरला घेतले. २०१५ मध्ये त्यांनी तिसरा भाग नव्या चकचकीत रूपात आणला, पण त्याच्या दोन पुरवण्या वगळून. त्यांचा मूळ कोड हाताशी उरला नव्हता म्हणे. तिकडे रशियातल्या हौशी लोकांनी मात्र जुन्याच खेळाला नवा किल्ला, नवे प्राणी जोडले, फुकट. हे वाचून मला आमच्या त्या पांढऱ्या पाकिटातल्या सीडीचं फार वाईट वाटेनासं झालं. खेळ टिकवणारे बहुधा बिनपैशाचेच असतात.

नंतर मधली वर्षं वेगाची होती. नागपूरला शिकत असताना कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ जोरात. तासाचे पैसे भरायचे आणि तासभर मरायचं. मग हातात मोबाइल आले आणि २०१८ पासून पबजी. घरी गेलो की आमचीच पोरं, आता मिशा आलेली, त्याच ओट्यावर ओळीनं बसलेली दिसायची. प्रत्येकाची मान खाली, कानात बोंडं. सगळे एकत्रच खेळत होते म्हणे. बोलतही होते, पण “मागं हाय, मागं हाय!” यापलीकडे वाक्य नाही. या खेळांना मी नावं ठेवत नाही. मला ते जमत नाहीत, आणि त्यात चहा थंड होतो.

‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’चा दुसरा भाग माझ्याकडे आला तो २०२० च्या टाळेबंदीत. मी पुण्यात अडकलेला, हाडकंवाला कळमेश्वरला. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. या वेळी दोघांनी रीतसर पैसे मोजून खेळ घेतला. ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत भाव लागतात, त्यामुळे डॉलरचं गणित करून छातीत धस्स व्हायचं कारण उरलेलं नाही. पहिला भाग या वेळीही आम्ही खेळलो नव्हतो.

हा खेळ बेल्जियमच्या घेंट शहरातल्या लारियन कंपनीचा. चालींचे असे खेळ जुने झाले, असं धंद्यात बहुतेकांनी धरून चाललेलं असताना स्वेन व्हिंके या त्यांच्या प्रमुखानं २०१५ मध्ये थेट खेळणाऱ्यांपुढे झोळी पसरली. ४२ हजारांहून जास्त लोकांनी मिळून २० लाख डॉलरच्या वर टाकले आणि १४ सप्टेंबर २०१७ ला खेळ बाहेर आला. वर्गणी काढून उभा राहिलेला खेळ म्हटल्यावर आम्हा विदर्भवाल्यांना तो लगेच घरचा वाटतो.

रिव्हेलन नावाच्या जगात ‘सोर्स’ या जादूवर बंदी आहे. ज्यांच्या अंगात ती आहे त्यांच्या गळ्यात पट्टा घालून एका बेटावरच्या किल्ल्यात डांबतात. तिथून सुटायचं. चौघांची टोळी. आम्ही दोन-दोन वाटून घेतले. हाडकंवाल्यानं अर्थातच फेन घेतला, जो चालता-बोलता सांगाडा आहे. सांगाडा असल्यामुळे औषधानं त्याला इजा होते आणि विषानं बरं वाटतं. मी सुरुवातीला मोठ्या मायेनं त्याच्यावर उपचाराचा मंत्र टाकायचो आणि तिकडून शिव्या यायच्या.

लढाईत प्रत्येकाला एका चालीला चार गुण. चालणं, वार करणं, मंत्र टाकणं, सगळं त्यातून. न वापरलेले पुढे मिळतात, पण सहाच्या वर साठत नाहीत. खरी मजा जमिनीची आहे. तेल सांडलं की माणूस रखडतो, त्यावर ठिणगी पडली की पेटतो. पाऊस पाडला की आग विझते आणि वाफ होते. पाण्यात उभ्या असलेल्यावर वीज टाकली की आख्ख्या डबक्याला करंट. इंग्रजी बोलणारे लोक यावर लांबलचक मार्गदर्शनं काढतात. आम्हाला ते कोणी शिकवावं लागलं नाही. ओल्या वाफ्यात उभं राहून मोटरच्या स्टार्टरला हात लावायचा नाही, हे गावातलं पोर शाळेच्या आधी शिकतं.

इथे पडदा काळा होत नाही. दुसऱ्याची चाल असली तरी सगळं दिसतं, फक्त हात लावता येत नाही. आणि कानात त्याचा आवाज. तो विचार करत असला की मागून त्याच्या घरचं ऐकू येतं: कुकरची शिट्टी, त्याच्या मुलीचं पाढे म्हणणं, आणि खूप लांबून गाडी. मी विचारतो, “मालगाडी का?” तो म्हणतो, “थांब बे, मोजून राहिलो.” गुण त्याचे चारच, पण एकेका चालीत आमचं गावभर बोलणं होतं. कोणाच्या बागेत फळगळ झाली, कोणाचं लग्न मोडलं, जुन्या ओट्यावर आता टाइल्स बसवल्या. नुसता फोन केला तर आम्ही दोन मिनिटांत “बाकी काय” वर येतो आणि ठेवतो.

एक अडचण आहे. लढाई नसताना दोघंही नकाशावर मोकळे असतात. मी बाजारात भांडी-कुंडी विकून चार पैसे करत असतो आणि तेवढ्यात हा दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी हुज्जत घालून तलवार काढतो. त्याच्यासाठी चाली सुरू झालेल्या, माझ्यासाठी नाही. मी आपला धापा टाकत गाव ओलांडून पळतोय. मी पोचलो की तो म्हणतो, “उशीर केला.” हे ओट्यावरही असंच होतं.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ते डाव मी बघत होतो. संथ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला जलद डावांत. बुद्धिबळात चालीला घड्याळ आहे आणि ते तिथे हवंच, नाहीतर जिंकणार कोण? पण मला बघवत नव्हतं. मी सरळ हाडकंवाल्याला मेसेज टाकला, आज रात्री बसतो का. त्याची नाइट होती.

लारियननं २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग आणला आणि जगभर गाजवला. पोरं विचारतात, घेतला का. आमचा दुसराच अजून चालू आहे. आर्क्स या शेवटच्या शहरात येऊन पोचलो आहोत आणि मोठा पेच उरलाय. त्या जगाला एक नवा देवपुरुष हवा आहे आणि तो एकच होऊ शकतो. इतका वेळ पाठीला पाठ लावून लढलेल्या आम्हा दोघांत ती जागा कोणी घ्यायची, हे खेळ शेवटी आमच्यावरच सोडतो. वाटलं तर एकमेकांशी लढा म्हणतो. मागच्या वेळी मी हा विषय काढला. म्हटलं, फौज वाढवून माझ्या अंगावर यायची तुझी जुनी खोड आहे, आताच सांगून टाक काय करणार ते.

“तूच हो देव,” तो म्हणाला. “मले सकाळी फर्स्ट शिफ्ट हाय.”