शनिवारचा रकाना

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त वजनाचं आहे. (हसू नका. विशेषतः ज्यांनी मला गेल्या लग्नात जेवताना पाहिलंय त्यांनी.)

तर झालं असं, की गेल्या दिवाळीनंतर पोटाची सोनोग्राफी करावी लागली. खडा आहे का ते बघायचं होतं. खडा काही सापडला नाही, पण रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' असं छापून आलं. वजन ९१ किलो, उंची पाच फूट सात इंच. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ड्रिंक्स घेता?"

मी म्हटलं, "ऑकेजनली."

हा फार सोयीचा शब्द आहे. आमच्या कोल्हापुरात दारू कुणीच पीत नाही, सगळे ऑकेजनली घेतात. आणि ऑकेजन काय, रांगेत उभेच असतात. शनिवार असतो. पेठेच्या फुटबॉल टीमची मॅच असते. कुणी गाडी घेतलेली असते, कुणाचं पोरगं दहावी पास झालेलं असतं, गावाकडं म्हाई असते. गंमत म्हणजे महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून. तो एक दिवसाचा मिळतो, एक वर्षाचा मिळतो, नाहीतर आजन्म. 'ऑकेजनल' असा प्रकार त्यात नाही. सरकारला बहुतेक माणसं आमच्यापेक्षा जास्त कळतात.

डॉक्टर म्हणाले, आठ-नऊ किलो उतरवा, लिव्हरवरची चरबी बरीचशी आपोआप कमी होईल. आणि दारू बंद केलीत तर उत्तम. यातलं पहिलं वाक्य मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

मग रीतसर आहारतज्ज्ञ बाई झाल्या. त्यांनी एकच गोष्ट निक्षून सांगितली, जे जे तोंडात जाईल ते ते लिहायचं, वेळ आणि मापासकट. बायकोने मुलीची अर्धी कोरी वही काढून दिली. मुलगी नववीत आहे. तिने रोजच्या रोज वहीतलं मोबाईलवरच्या तक्त्यात भरायचं काम स्वतःहून घेतलं. रंगीबेरंगी रकाने वगैरे. सकाळी सहाला रंकाळ्याची एक फेरी सुरू झाली. पांढरा रस्सा वाटीभरच, तांबड्यावरचा कट बाजूला काढून. (कोल्हापुरी माणसाने कट बाजूला काढणं म्हणजे काय, हे पुण्याच्या मंडळींना कळणार नाही.)

पहिल्या महिन्यात वजन उतरलं दीड किलो. दुसऱ्या महिन्यात दोनशे ग्रॅम.

आमचा शनिवारचा कट्टा गेली अठरा वर्षं चालू आहे. एक वकील, एक शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला, एक मास्तर आणि मी. तिथे माझ्या डाएटची यथेच्छ चेष्टा झाली. फाउंड्रीवाला म्हणाला, "व्हिस्कीत साखर नसती भावा. डायटच हाय ते. घे बिनधास्त." मास्तरांनी भर घातली, "आणि रम म्हणजे तर आपल्याच उसाची मळी. घरचीच वस्तू."

मला हे पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. पण मोजायची सवय लागली की डोकं गप्प बसत नाही. म्हणून एकदा कागद घेऊन बसलोच.

मळीतली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि अल्कोहोल तयार करतं, त्यामुळे नुसत्या व्हिस्कीत किंवा रममध्ये साखर जवळजवळ नसते हे खरं. पण अल्कोहोलच्याच एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात. साखरेत चार, तेलात नऊ. म्हणजे आपली दारू साखरेपेक्षा तेलाला जवळची. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, त्या हिशेबाने ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ७० कॅलरी. १८० मिलीची एक क्वार्टर म्हणजे सव्वाचारशे. माझी रंकाळ्याची फेरी जाळते अडीचशे-तीनशे. म्हणजे एका क्वार्टरला दीड रंकाळा!

बरं, एवढ्यावर भागत नाही. अल्कोहोल शरीराला साठवून ठेवता येत नाही, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते जाळावं लागतं. तोवर चरबी जाळायचं काम थंडावतं. आणि लिव्हरचा वेग तासाला साधारण एक छोटा पेग. त्यापेक्षा घाई त्याला जमत नाही. रात्री अकराला मी क्वार्टर संपवून झोपतो, पण माझं लिव्हर पहाटेपर्यंत आदल्या रात्रीचं आवरत असतं, आणि सकाळी सहाला मी बुटाची नाडी बांधत असतो. तेही मी उठलो तर. बहुतेक रविवारी मी उठतच नव्हतो.

आणि चकणा! शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. शुद्धीवर असताना मी दाणे मोजून खातो. दुसऱ्या पेगनंतर बशी कधी रिकामी झाली ते कळत नाही, आणि मग साडेअकराला कुणीतरी म्हणतं, "चला, मटण खाऊया." त्या वेळी कट बाजूला काढायची बुद्धी कुणाला असते?

हे सगळं मी कागदावर मांडलं. वहीत मात्र नाही.

कारण वहीत शनिवारी रात्रीच्या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढत होतो. पहिल्या शनिवारपासूनच. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायचं नव्हतं, म्हणून रेघ. एक दिवस मुलगी तक्ता भरता भरता म्हणाली, "पप्पा, तुम्ही शनिवारी रात्री काहीच जेवत नाही?"

बायको ताट वाढत होती. ती काही बोलली नाही. वाढत राहिली.

त्या रात्री मी ठरवलं की सगळं लिहायचं. मुलीच्या वहीत नाही, वेगळ्या छोट्या डायरीत. फक्त तारीख आणि पेग. आठ आठवडे, काही न बदलता, जसं चाललंय तसं. सुरू करताना मला कुणी विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, आठवड्यातून एकदा, तीन-चार.

आठ आठवड्यांनी बेरीज केली. ३० मिलीचे ८४ पेग. अडीच लिटर आणि वर थोडं, म्हणजे तीन फुल बाटल्या आणि चौथीचा एक-तृतीयांशाहून थोडा जास्त भाग. कॅलरी सुमारे ५,९००. एक किलो चरबीत सात हजारांच्या वर कॅलरी असतात, म्हणजे दोन महिन्यांची दारू धरली तरी किलोही होत नाही. चकणा आणि मटणासकट दीड-दोन किलो धरा. वजनाच्या दृष्टीने बघितलं तर हिशेब वाईट होता, पण भयंकर नव्हता.

मी घाबरलो ते दुसऱ्याच आकड्याला. ५६ दिवसांतले १७ दिवस. शनिवार त्यात आठच होते. उरलेले नऊ कुठून आले? डायरीत होतं सगळं. मॅच. पाऊस. बँकेतल्या साहेबांशी वाजलं. काहीच नाही. 'काहीच नाही' असं तीन वेळा.

आता जे लिहितोय ते काकूला विचारून लिहितोय. आमचे धाकटे काका कसे गेले, याबद्दल आमच्या घरात 'त्यांना पोटाचं होतं' एवढंच बोललं जायचं. मीही पाहुण्यांना तेच सांगत मोठा झालो. आमचे आजोबा तालमीतले. संध्याकाळी मेहनत झाली की गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे. त्यांच्या घरात मुलगा दारूने गेला हे वाक्य बसत नव्हतं, म्हणून 'पोटाचं'. काका वयाच्या ४९ व्या वर्षी गेले. मी आता ४६ चा आहे.

माझा स्वतःवर एक मोठा भरवसा होता. मी श्रावण पाळतो. गटारीला शेवटचा ग्लास, आणि मग श्रावण महिनाभर आणि पुढे गणपती जाईपर्यंत थेंब नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा कोणता पाळायचा यावर कट्ट्यावर जोरदार चर्चा होऊन 'निज तेवढाच' असा ठराव झाला, तो भाग वेगळा! पण पाळला. दर श्रावणात दोन किलो उतरायचे, दसऱ्यापर्यंत परत यायचे. आणि दर वर्षी मी स्वतःला सांगायचो, बघ, महिना-सव्वा महिना सहज सोडतोस, म्हणजे ताब्यात आहे.

डायरीची बेरीज झाली त्या रविवारी मी काकूकडे गेलो. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "काका श्रावण पाळायचे का गं?"

काकू म्हणाली, "कडकडीत. शेवटच्या वर्षीसुद्धा पाळला की."

मी चहाचा कप हातात धरून बसून राहिलो. परत येताना रंकाळ्याला एक फेरी मारली. त्या दिवशीची फेरी कॅलरीसाठी नव्हती.

यावर लिहू का विचारलं, तेव्हा काकू म्हणाली, "लिही. आम्ही तर कधी मोजलंच न्हाई."

मी एका फटक्यात सगळं सोडलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. डॉक्टरांनी शून्य सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही. मला पहिल्या घोटाची चव अजून आवडते आणि कट्टा तर त्याहून आवडतो. पण डायरी बंद केली आणि आकडा मुलीच्या वहीतच लिहायला लागलो, सगळ्यांना दिसेल असा. कट्ट्यावर जातो, बहुतेक वेळा सोडा-लिंबू घेतो. पहिल्या दिवशी वकील म्हणाला, "काय मर्दा, आमच्यावर राग हाय व्हय?" मी १७ चा आकडा सांगितला. तो हसला नाही. पुढच्या शनिवारी त्याने हळूच विचारलं, ती डायरी कशी लिहायची.

मागच्या महिन्यात माझे दोन दिवस झाले, मिळून चार पेग. वजन ८५ वर आलंय. कट अजून बाजूला काढतो, तेवढं मात्र दुःख आहे.

गेल्या शनिवारी रकान्यात पुन्हा आडवी रेघ होती. मुलगी थांबली, माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, "खरी आहे. भर."

असो. सहाला उठायचंय.