कुर्ल्याच्या बाजारात अडलेली डिकी

सी. एस. टी. रोड म्हटले की परगावच्या माणसाला बोरीबंदर आठवते. कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणाऱ्या या रस्त्याचा त्या स्थानकाशी काडीचाही संबंध नाही. ट्रॉम्बे ते अंधेरी अशी ‘सेंट्रल सॅलसेट ट्रॅमवे’ नावाची आगगाडी १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. रूळ गेले, नाव तेवढे रस्त्याला चिकटून राहिले.

आज या रस्त्यावर मोडीत निघालेल्या मोटारींचा संसार मांडलेला दिसतो. दरवाजे, दिवे, बंपर, गिअरबॉक्स! जिवंत गाडीला लागणारा अवयव मेलेल्या गाडीतून इथे मिळतो, म्हणूनच आम्ही इथे आलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझा भाचा आणि त्याची १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी. खरे तर ती माहेरीच आली होती म्हणा. प्रीमियरचा कारखाना इथे कुर्ल्यातच होता. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ साली मिळाले. कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे, आणि मुंबईच्या टॅक्सीतूनही पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.

भाचा दापोलीचा. तिथल्या खाऱ्या वाऱ्याने डिकीचे कुलूप गंजले, आणि नेमके मुंबईत अडले. आत होते माझ्या ताईचे शिलाई मशीन. दुरुस्तीला आणलेले. दिवाळीला दहा दिवस उरलेले, गिऱ्हाइकांची कापडे कापून पडलेली. तिचा वर्षाचा निम्मा पैसा याच महिन्यात यायचा. आमच्या चाळीतल्या तज्ज्ञांनी पहारीचा सल्ला दिला. पहारीने डिकी उघडते खरी, पण मग ती मिटत नाही!

बाजारातला उस्ताद मूळचा साताऱ्याकडचा. त्याने भाच्याच्या हातातली पक्कड आधी काढून घेतली. “किल्लीला पक्कड लावू नका, साहेब. झिजलेली किल्ली आत तुटली म्हणजे दुप्पट काम.”

मग त्याने किल्लीच्या भोकात रॉकेलचे चार थेंब सोडले आणि स्वस्थ चहा घेतला. तेल मुरायला पंधरा मिनिटे तरी द्यावीत, हे घाईच्या माणसाला पटत नाही. त्याचे म्हणणे असे, की पुष्कळदा कुलूप बिघडलेले नसतेच, ते ताणलेले असते. झाकणाभोवतीचे रबर कडक होऊन झाकण वर रेटते. कुलपाची जीभ खालच्या कडीत घट्ट अडकते. तेव्हा एकाने झाकणावर भार द्यायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने किल्ली फिरवायची.

भाचा ऐंशी किलोचा. तो ओणवा झाला, उस्तादाने किल्ली फिरवली. काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही.

“आता घरात शिरू,” उस्ताद म्हणाला. मागच्या सीटची पाठ काढली, तिच्यामागचा पुठ्ठा सरकवला आणि टॉर्च तोंडात धरून लांब स्क्रू ड्रायव्हरने ती जीभ आतून ढकलली. टक्‌ असा आवाज झाला. तेवढ्या आवाजाने माझ्या छातीवरचे मशीनचे ओझे उतरले.

स्प्रिंग गंजाने झिजली होती. तशीच दुसरी शेजारच्या दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातून निघाली. घासाघीस करण्याचे काम मी मोठ्या हौसेने केले आणि शेवटी दुकानदाराच्याच भावाला आलो. बाकीचे कुलूप रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले, जिभेला बोटभर नव्हे, नखभर ग्रीस लावले. भोकात मात्र पेन्सिलीच्या शिशाची पूड. तेलावर धूळ बसते आणि तिचा पुन्हा चिखल होतो. शेवटी कडीचे बोल्ट सैल करून ती सूतभर वर घेतली. मग झाकण हलक्या हाताने बसू लागले. उस्तादाने दहा वेळा लावून, दहा वेळा उघडून दाखवले.

रात्रीच निघायचे ठरले. पण मशीन पुन्हा डिकीत ठेवायला भाचा काही तयार होईना. ते मागच्या सीटवर, माझ्या शेजारी, दोरीने बांधून दापोलीला गेले.